धा आणि ता सारखेच ऐकू यायचे

मागच्या आषाढीनंतर मी पखवाज शिकायला घेतला, वय ३९. गावाकडं, म्हणजे औसा तालुक्यात, भजनात लहानपणापासून टाळ धरलेला, पण पखवाजाला कधी हात लावला नव्हता. आणि आता लातूरला राहून दिवसभर डीटीपीचं काम, लग्नपत्रिका, फ्लेक्स, शाळांच्या प्रश्नपत्रिका, त्यातून उठून रोज गावाला जाणं काही जमणारं नाही. म्हणून आमच्या महाराजांनीच तोड काढली की मी मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवत जातो, तू तिकडं ऐकून हात बसव आणि एकादशीला आलास की समोर वाजवून दाखव.

तर तसं सुरू झालं. पहिला ठेका चौतालाचा, धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन, बारा मात्रा. मी रोज सकाळी कॉम्प्युटरवर फाईल लावायचो आणि शेजारी बसून वाजवायचो. महिनाभर केलं हे. मग एकादशीला गेलो, पाच-सहा मात्रा वाजवल्या असतील, महाराजांनी हात वर केला.

"डावा कुठाय रे तुझा? नुसता उजवा बडवायलास. धा आणि ता यात फरक काय, सांग बरं."

फरक तोंडपाठ होता. धा म्हणजे दोन्ही हात, ता म्हणजे एकटा उजवा. पण हाताला तो फरक माहीत नव्हता, कारण कानानं तो कधी ऐकलाच नव्हता. घरी येऊन परत फाईल लावली, नीट कान देऊन ऐकली, तर खरंच धा आणि ता सारखेच ऐकू यायलेत, दोन्ही टण टण, पत्र्याच्या डब्यावर बोटं मारल्यासारखे. मग भाच्याचा इअरफोन घेऊन तीच फाईल ऐकली आणि डाव्या हाताचा तो खालचा भरीव बोल, घे, एकदम कानात आला. म्हणजे फाईलमध्ये सगळं होतं, माझा कॉम्प्युटरच ते खात होता.

हे मी इतकं सविस्तर सांगायलोय कारण आपल्यापैकी बहुतेकजण मॉनिटरमधल्या नाहीतर लॅपटॉपमधल्या स्पीकरवर वर्षानुवर्षं ऐकतो आणि काय जायलंय ते आपल्याला कळत नाही. गाणं ऐकताना तर अजिबात कळत नाही, कारण खालचा मूळ सूर गेला तरी त्याच्या वरच्या पटींवरून कान तो अंदाजानं भरून घेतो, सूर तोच वाटतो. अंगातला भार तेवढा गेलेला असतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाचा जोर शंभर हर्ट्झच्या (सेकंदाला शंभर कंपनं) आसपास आणि त्याच्याही खाली असतो, आणि मॉनिटरमधला स्पीकर म्हणजे दोन वॅटचा, बटणापेक्षा जरा मोठा, तोंड मागच्या भिंतीकडं. खालचा आवाज काढायचा म्हणजे हवा ढकलावी लागते आणि एवढ्याशा कागदाला ती ढकलता येत नाही. व्हॉल्यूम कितीही वाढवा, जे निघतच नाही ते वाढणार कसं.

आबांचा जुना रेडिओ आठवतो मला. परभणी केंद्र लागायचं त्यावर, मीडियम वेव्ह, आणि मीडियम वेव्हवर चार-पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नसायचंच, तरी सकाळचं भजन लागलं की मृदंग घरभर भरायचा. लाकडी पेटी आणि तिच्यात मोठा कागदी स्पीकर, एवढंच कारण.

इअरफोन का नाही वापरला असं कोणी विचारेल. एक तर एप्रिल-मे मध्ये आमच्याकडं ४२ अंशात कानात काही घालून बसणं म्हणजे घामाची चिकचिक, दहा तास कॉम्प्युटरवर बसणाऱ्याला कानाचं दुखणंच. आणि दुसरं म्हणजे वाजवताना माझा स्वतःचा हातही मला ऐकू यायला पाहिजे, कान बंद करून कसं चालेल. तेव्हा स्पीकर घ्यायचं ठरलं.

पहिली खरेदी चुकली. गंजगोलाईत गेलो. बाहेरगावच्यांसाठी सांगतो, लातूरची ही गोल बाजारपेठ, मधे अंबाबाईचं मंदिर आणि चहूबाजूनं १६ रस्ते येऊन मिळतात, इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं तिथल्याच गल्ल्यांत. तिथून १८०० रुपयांचा २.१ चा सेट आणला, दोन छोटे आणि एक बेसचा डबा. खोक्यावर हजारात वॅट लिहिलेले आणि त्याखाली बारीक अक्षरात पीएमपीओ. मला तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे, पीएमपीओ मोजायची कुठलीही ठरलेली पद्धत नाही, कंपनी लिहील तो आकडा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत निघणाऱ्या वॅटचा आकडा. आणि त्याच्यावरही विश्वास बसत नसेल तर सोबतचा अडॅप्टर उलटा करून बघायचा, १२ व्होल्ट २ अँपिअर लिहिलं असेल तर २४ वॅट आत जायलेत, त्यापेक्षा जास्त सतत बाहेर येऊच शकत नाहीत. तसं हातभर अंतरावर बसून ऐकायला फार वॅट लागतही नाहीत. गल्लीतले रिपेरिंगवाले अजून एलए ४४४० ची प्लेट बसवून देतात, दोन बाजूंना ६-६ वॅटची, आणि टेबलावर तेवढं भरपूर होतं. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, कानाला तो जरासाच वाढल्यासारखा वाटतो. आवाज दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. हे ज्याला कळलं तो खोक्यावरच्या आकड्याला भुलत नाही.

असो, तो सेट लावला आणि धा-ता मधला फरक एकदम कळायला लागला, त्याबद्दल त्याला नाव ठेवत नाही. पण दुसरंच झालं. डाव्यावर उघडा घे वेगळा आणि दाबलेला क वेगळा, घे घुमतो, क तिथल्या तिथं थांबतो. या डब्यातून दोन्ही भुम्म, भुम्म. पाठीमागं शेपूट लांबच लांब. गदिगन वाजलं की चारही अक्षरांचा एकच काला व्हायचा. आधी डावा नव्हताच, आता होता पण नुसता चिखल.

डबा मी टेबलाखाली कोपऱ्यात ढकलला होता, तारा दिसू नयेत म्हणून. सगळेच तिथं ठेवतात. पण कोपऱ्यात दोन भिंती आणि फरशी मिळून खालचा आवाज फुगतो, आणि वरून खोलीची स्वतःची घुम असते. माझी खोली १० बाय १२ फूट, उंची पण दहाच. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्या हिशोबानं १२ फुटांच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपास लाट अडकून उभी राहते आणि १० फुटांमध्ये ५६ च्या आसपास, शिवाय रुंदी आणि उंची सारखीच असल्यामुळं ५६ चा जोर डबल. नेटवर टोन जनरेटर मिळतो, त्यात मी २०० हर्ट्झपासून हळूहळू खाली आलो. साठच्या खाली आलो आणि पलीकडं स्वयंपाकघरात मांडणीवरच्या तांब्यावरचं झाकण वाजायला लागलं, झिर्रर्र. पन्नासवर आलो की झाकण शांत. परत वर गेलो, परत झिर्रर्र. बायकोनं झाकण हातानं धरलं तेव्हा तिला बोटात ते जाणवत होतं. खोली कुठं घुमते ते इतकं स्पष्ट मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नसतं.

मग बेसचा डबा कुठं ठेवायचा ते शोधायची एक जुनी रीत आहे ती केली. डबा आपल्या खुर्चीवर ठेवायचा, जिथं आपण बसतो तिथं, फाईल लावायची आणि आपण गुडघ्यावर भिंतीकडंनं फिरत फिरत कान जमिनीजवळ नेऊन ऐकायचं. जिथं घे आणि क सगळ्यात सुटे ऐकू येतील तिथं डबा ठेवायचा आणि आपण खुर्चीवर जायचं. माझी जागा निघाली कपाटाच्या कडेला, कोपऱ्यापासून तीनेक फुटांवर. अर्धा चिखल तिथंच गेला, एक रुपया न खर्चता. राहिलेला अर्धा त्या पातळ डब्याचाच होता, तो काही गेला नाही. शेवटी सेट भाच्याला टीव्हीला दिला.

दुसऱ्या वेळी मात्र महाराजांची फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन दुकानात गेलो. दुकानदार त्याचं नेहमीचं धडधडणारं गाणं लावायला निघाला, मी म्हणलं शेठ, हे नको, माझी फाईल लावा. आपण जे रोज ऐकतो, ज्याचा कण न् कण आपल्याला माहीत आहे तेच लावून बघावं, दुकानातल्या गाण्यावर सगळेच स्पीकर चांगले वाटतात. तीन जोड्या ऐकल्या. घेतली ती २.० ची जोडी, वेगळा बेसचा डबा नाही, प्रत्येक स्पीकरमध्ये चार इंची एक आणि वर बारीक, उंच आवाजासाठी छोटा ट्वीटर, अँप्लिफायर आतच, साडेसहा हजार रुपये. छातीत धडधड होईल असा बेस यात नाही, पण चार इंची स्पीकर चांगल्या पेटीत असला तर साठ-सत्तर हर्ट्झपर्यंत उतरतो आणि डाव्या तोंडाला तेवढं पुरतं. माझं स्पष्ट मत असं झालंय की कमी बजेटमध्ये स्वस्त २.१ पेक्षा दोनच पण बऱ्या पेटीचे स्पीकर घ्यावेत.

घरी आणून टेबलावर मॉनिटरच्या दोन्ही बाजूला ठेवले आणि आवाज काही दुकानातल्यासारखा येईना. इथून पुढचे पंधरा दिवस मी जे केलं त्यालाच स्पीकर 'बसवणं' म्हणायला पाहिजे, आणि खरं सांगतो, साडेसहा हजारांपेक्षा जास्त फरक त्या पंधरा दिवसांनी पडला.

पहिलं म्हणजे उंची. ट्वीटरचा आवाज टॉर्चच्या उजेडासारखा सरळ जातो, दहा हजार हर्ट्झची लाट साडेतीन सेंटीमीटरचीसुद्धा नसते, ती काही वळून कानाकडं येत नाही. माझे ट्वीटर छातीच्या पातळीला होते. प्रत्येकाखाली दोन-दोन विटा, पोत्याच्या कापडात गुंडाळून, आणि विटेवर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे, पंक्चरवाल्यानं फुकट दिले. ट्यूबमुळं पेटीची थरथर सनमायकाच्या टेबलात उतरत नाही. आधी टेबलावर हात ठेवला की पखवाज तळव्याला कळायचा, आता कळत नाही, म्हणजे टेबल स्वतः वाजायचं थांबलं.

दुसरं अंतर. टेप घेऊन दोन स्पीकरमधलं अंतर तीन फूट आणि प्रत्येकापासून माझ्या डोक्यापर्यंत तीन फूट, तिन्ही बाजू सारख्या, आणि दोन्हींची तोंडं माझ्याकडं वळवलेली. मागं हवा जायचं भोक आहे म्हणून भिंतीपासून वीतभर पुढं, चिकटवले की लगेच फुगतात. तीन फुटांचा तो त्रिकोण जमला आणि अभंगाच्या रेकॉर्डिंगमध्ये गाणारा बरोबर मॉनिटरच्या मधोमध, टाळकरी दोन्हीकडं, पखवाज जरा डावीकडं असा दिसायलाच लागला म्हणा ना.

खोलीचं मात्र अवघड होतं. वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी, भिंती गुळगुळीत, टाळी वाजवली की मागं ट्र्र्र असा आवाज फिरायचा. गावाकडचं आमचं जुनं घर माळवदाचं होतं, हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडाच्या फळ्या आणि माती, तिथं दहा टाळ वाजले तरी कानाला त्रास व्हायचा नाही. पण १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला, किल्लारी आमच्याच तालुक्यात, आणि त्या रात्री त्याच माती-दगडाखाली किती माणसं गेली ते आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. माळवदं त्यानंतर गेली ती गेलीच, स्लॅब आले, पत्रे आले, आणि ते बरोबरच झालं. आवाजापुरतं बोलायचं तर या नव्या खोल्या कडक असतात, त्यांना काहीतरी पांघरावं लागतं.

मी पांघरली वाकळ. आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली, चांगली जाड, दोन होत्या. कुठं लावायच्या ते आरशानं कळतं. आपण खुर्चीवर बसायचं आणि दुसऱ्यानं आरसा बाजूच्या भिंतीवर सरकवत न्यायचा, ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथूनच आवाज आपटून आपल्याकडं येतो. बायको आरसा धरून भिंतीकडंनं चालत होती, "अहो, इथं का? इथं?" आणि मी हो म्हणलं की खडूची खूण. एक वाकळ डाव्या भिंतीला, उजवीकडं खिडकी होती तिथं जाड पडदा, दुसरी वाकळ माझ्या मागच्या भिंतीला. टाळीची ट्र्र्र गेली. ५६ हर्ट्झची घुम नाही गेली, ती वाकळीला दाद देत नाही, कारण ती लाट सहा मीटर लांब आहे आणि वाकळ दोन बोटं जाड. तिच्यासाठी खुर्चीच फूटभर पुढं घेतली आणि कॉम्प्युटरवर इक्वलायझर एपीओ नावाचं, आवाजाचा हवा तो भाग कमी-जास्त करणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून ५६ हर्ट्झची तेवढीच जागा चार डेसिबलनं उतरवली. उतरवली, चढवलं काहीच नाही. छोट्या स्पीकरला इक्वलायझरनं बेस चढवायला गेलं की तो फाटतो.

आता गुणगुण. हे सगळं झाल्यावर रात्री शांततेत कळलं की फाईल बंद असताना पण स्पीकरमधून हूँऽऽ येतंय, बारीक, पण सतत. आणि स्पीकरची पिन कॉम्प्युटरला लावताना कॅबिनेटच्या पत्र्याला मनगट लागलं की झिणझिण. आपल्याकडं कितीतरी घरांत हे होतं आणि लोक त्याला 'थोडा करंट मारतो' म्हणून सोडून देतात. सोडू नका. आपल्या लाईटची लाट सेकंदाला ५० वेळा फिरते, ५० आणि १०० हर्ट्झची ही गुणगुण म्हणजे तीच लाईट. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून थोडा करंट पत्र्यावर येतच असतो, तो अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग नसलं की तो पत्रा निम्म्या व्होल्टेजवर लटकत राहतो, हात लावला की झिणझिण्या आणि वायरीतून स्पीकरमध्ये हूँ.

वायरमन मामांना बोलावलं. त्यांनी बोर्ड उघडला, थ्री पिनची वायर नीट होती, मग बाहेर गेले, अर्थिंगच्या खड्ड्याजवळ उकिडवे बसले आणि माती चिमटीत घेऊन चुरगळली. भुकटी.

"पाणी कधी घातलं होतं याला?"

आठवावं लागलं. घर बांधलं तेव्हा कोळसा-मीठ घालून खड्डा केलेला, उन्हाळ्यात त्यात दोन-तीन घागरी पाणी ओतायची आबांची सवय होती. मग २०१६ आलं. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला प्यायचं पाणी आलं, त्या वर्षी मातीत पाणी ओतायचं कोणाच्या मनातही आलं नसतं. सवय तुटली ती तुटलीच. खड्डा तेव्हापासून कोरडा. मामांनी वरची माती काढली, कोळसा-मीठ नव्यानं भरलं, क्लॅम्पचा गंज घासून नट आवळला आणि चार बादल्या पाणी हळूहळू मुरवलं. संध्याकाळी पत्र्याला हात लावला, काही नाही. स्पीकर चालू केला, पंख्याचाच आवाज तेवढा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गुणगुण जावी म्हणून काहीजण कॉम्प्युटरच्या प्लगची मोठी पिन कापतात किंवा टू पिनचा कन्व्हर्टर लावतात, कधीकधी त्यानं आवाज जातो पण. ती पिन आपल्या जिवासाठी आहे. आत काही शॉर्ट झालं तर अख्खा पत्रा जिवंत होईल आणि पोरगं हात लावेल. आवाजासाठी ती कधीच काढायची नाही. कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावायचे, त्यानंच बरीच गुणगुण जाते. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर कर्रर्र येत असेल तर बहुतेक तो जुना स्क्वेअर वेव्हचा आहे, त्याला स्पीकर काही करू शकत नाही.

गुणगुण गेल्यावर तिच्याखाली दडलेला दुसरा आवाज बाहेर आला. माऊस हलवला की चीं, पान वरखाली केलं की चिर्र. हा कॅबिनेटच्या आतला. मी पिन पुढच्या जॅकला लावलेली, पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डपासून अख्ख्या कॅबिनेटमधून फिरत येते आणि वाटेत सगळा कचरा उचलते. मागच्या हिरव्या जॅकला लावली, बरंच कमी झालं. पूर्ण गेलं ते नऊशे रुपयांच्या यूएसबी डॅकनं. डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधले आकडे घेऊन त्याचा आवाज करणारी चिप, ती मदरबोर्डवरही असतेच, फक्त ही कॅबिनेटच्या गोंधळाबाहेर येऊन बसते. ज्याच्याकडं ही चीं-चिर्र नाही त्यानं डॅकवर पैसे घालायची गरज नाही, ते पैसे स्पीकरमध्ये घालावेत.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ऑडिओ एनहान्समेंट म्हणून असतं, त्यात माझ्याकडं लाउडनेस इक्वलायझेशन चालू होतं, कधी चालू झालं देव जाणे. ते बारीक आवाज वर आणतं आणि मोठा आवाज दाबतं. सिनेमातलं बोलणं ऐकायला ठीक, पण वाद्य शिकणाऱ्याचं वाटोळं. महाराज समेवरचा धा भार देऊन मारतात आणि मधला हलका सोडतात, ते सगळं या एका टिकमार्कनं सपाट झालं होतं. काढून टाका. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि कमी-जास्त स्पीकरच्या बटणावर करायचं. ब्लूटूथ पण नको, स्पीकरला ती सोय आहे पण आवाज मागून येतो, व्हिडिओत महाराजांची थाप पडते आणि धा नंतर ऐकू येतो, त्याच्यासोबत वाजवणारा लयीत कसा राहील. वायर ती वायर.

फाईलचंही तेच. व्हॉट्सअॅपचा व्हॉइस मेसेज दाबून दाबून बारीक केलेला असतो, बोलण्यापुरता. मी महाराजांच्या नातवाला सांगितलं की फोनच्या रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड कर आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव, आणि फोन आजोबांच्या उजव्या मांडीजवळ ठेवतोस तो समोर मधोमध, चार हातांवर ठेव. पोरगा हुशार आहे, पहिल्याच वेळी बरोबर केलं.

राहिला कूलर. त्याच्या घरघरीपुढं या सगळ्या खटाटोपाचा उपयोग शून्य. त्याला उपाय एवढाच की मी सराव पहाटे पाचला नेला, तेव्हा उन्हाळ्यातही खिडकी उघडून बसता येतं.

आणि पहाटेच ते सापडलं. महाराजांच्या प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला चाळीसेक सेकंद रिकामी असायची. मॉनिटरवर ऐकायचो तेव्हा तिथं नुसती खुडबूड, मी दरवेळी माऊसनं ओढून पुढं जायचो. त्या दिवशी हातात पखवाज होता म्हणून ओढली नाही. आधी ओल्या कणकेचा चप्प असा आवाज, डाव्या तोंडावर गोळा थापल्याचा. मग एक घे, जरा चढाच. परत बोटं फिरल्याचा ओला आवाज, आणखी चिमूटभर लावली असणार, आणि पुढचा घे थोडा खाली. पुन्हा चिमूट, पुन्हा खाली. पाचव्या-सहाव्या वेळी तो घे उजव्याच्या सुराखाली बरोबर जाऊन बसला आणि महाराज हळूच "हां" म्हणले. वर्षभर माझा डावा बसत नव्हता त्याचं अर्धं कारण हे होतं, मी कणीक डोळ्यांनी बघून अंदाजे लावायचो आणि महाराज ती ऐकून लावतात, दर फाईलमध्ये लावून दाखवतात.

आता बायको रात्री पोळ्यांच्या कणकेतला एक गोळा ओल्या फडक्यात बाजूला ठेवते. पहाटे मी ती चाळीस सेकंदं लावतो आणि चिमूट चिमूट त्यांच्यासोबत माझं तोंड उतरवत आणतो. मागच्या एकादशीला महाराजांनी बारा मात्रा पूर्ण वाजवू दिल्या, हात वर केला नाही. पुढच्या एकादशीपासून रेला, म्हणजे जलद वाजवायची बोलांची रचना, घ्यायचाय.